टिकलीवर काटा

३ डिसेंबर, बुध.

आज ट्रॅक्टरमागच्या खत फेकायच्या स्प्रेडरचं माप लावून झालं. आबा पाटलांच्या पडीक तुकड्यात तेरा टब आडवे मांडले, मीटर-मीटरवर. युरिया टबात पडला की उडून बाहेर जातो, म्हणून तळाला गोणपाटाचे तुकडे. दिल्यानं ट्रॅक्टर मधल्या टबावरून नेला. एका फेरीत वजन काट्यावर दिसत नाही, म्हणून त्याच वाटेनं पाच फेऱ्या. मग मी एकेक टब मिरजेहून आणलेल्या काट्यावर.

पहिल्यांदा मधे ढीग आणि कडेचे टब कोरडे. चकतीवरची पाती सरकवली. पुन्हा पाच फेऱ्या. पुन्हा वजन. दिल्या वैतागला. ‘दादा, खत टाकायचंय का सोनं तोलायचंय?’ धाकट्या भावाला एवढं बोलायची मुभा आहे. चौथ्या खेपेला बसलं. दोन्ही अंगाला पाच-पाच मीटर एकसारखं. म्हणजे दर दहा मीटरला एक फेरी.

चकतीला पूर्ण वेग मिळायचा तर इंजिनाचा काटा एकाच जागी हवा. मीटरच्या काचेवर तिथं लताची लाल टिकली चिकटवली. लताला अजून पत्ता नाही.

आबा येऊन गेले. ‘कांबळेसाहेब, ह्यो काय भांड्यांचा बाजार मांडलाय?’ समजावून सांगितलं. शेतकरी गटाचे अध्यक्ष आहेत, यंत्र गटाचं आहे, त्यांना कळायला हवं. म्हणाले, ‘मापाचं साहेब म्हनतील ते खरं.’

कागद लिहिला. प्लास्टिकच्या पाकिटात घालून टूलबॉक्समध्ये ठेवला. दिल्याला सगळं सांगितलं.

४ डिसें., गुरु.

उद्या मुंबईला. दरवर्षीचं सहा डिसेंबर. लता येत नाही, गुडघे. आबांच्या रस्त्याकडेच्या गव्हाला युरिया टाकायचा आहे, पण कालव्याच्या पाण्याची पाळी दहाला. मी आठला परत. घाई नाही.

दिल्या आज ट्रॅक्टर धूत होता. शिट्टी वाजवत. तीन वर्षांत ऐकली नव्हती. जतकडं पाण्याचा टँकर चालवायचा तो, उतारावर कलंडला. ब्रेक मालकानं बघितला नव्हता, नाव दिल्याचं झालं. तेव्हापासून ह्या भागात कुणी त्याच्या हातात स्टेअरिंग दिलं नाही. गटात मी शब्द टाकला. शेवटी आबा म्हणाले, साहेब म्हणतात तर बसवा.

८ डिसें., सोम.

आलो. पाय सुजलेत. पाण्याची पाळी चार दिवस आधी आली, सहालाच. दिल्यानं माझी वाट न बघता आबांचं रान उरकलं, मागोमाग पाणी सुटलं. चार एकर, चार पोती, मूठभरसुद्धा उरलं नाही की कमी पडलं नाही. माप असं पाहिजे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढली ती उगाच नाही. छाती फुगली हे लिहून ठेवतो, कारण कुणापुढं म्हणून दाखवता येत नाही.

२१ डिसें., रवि.

आबांच्या गव्हात पट्टे उठलेत.

कुंडलच्या एसटीतून येताना खिडकीतून दिसले. काळपट हिरवा रुंद पट्टा, मग पिवळा अरुंद, मग हिरवा, मग पिवळा, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. शेजारचा बाप्या म्हणाला, ‘ह्यो काय परकार म्हनायचा?’ मी म्हणालो ठाऊक नाही.

२३ डिसें., मंगळ.

व्हॉट्सॲपवर फोटो आला. पुलावरून काढलेला, आख्खं रान एका नजरेत. खाली लिहिलंय, ‘आबांची पट्ट्यापट्ट्याची चड्डी वाळत घातली.’ गावभर हसू. मलाही तेवढ्यापुरतं आलं, मग गिळलं.

आबा दोन दिवस रस्त्याच्या बाजूला फिरकले नाहीत. उत्पन्न चार पोती कमी झालं असतं तर माणूस विसरला असता. हे हसणं नाही विसरायचा.

दुपारी पारावर गटातला माने बसला होता. मी जाताना मोठ्यानं, ‘हातानं खत इस्कटत व्हतो तवा असं न्हवतं बाबा.’ ह्याच मान्यानं माप लावल्या दिवशी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला होता, टबांसकट.

२५ डिसें., गुरु.

टेप घेऊन गव्हात गेलो. हिरवा सात मीटर, पिवळा तीन. हिरवा सात, पिवळा तीन. शेवटपर्यंत तसंच. फेऱ्या बरोबर दहा-दहा मीटरवर घेतल्यात, ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणा मोजल्या. पोती बरोबर संपली. म्हणजे जेवढं जायचं तेवढं गेलं, पण दहा मीटरचं सातातच पडलं. चकतीनं लांब फेकलंच नाही.

का?

युरिया ओला? पोती कोरडी होती, दिल्या म्हणतो. पाती सरकली? जाऊन बघितली, माझ्या खडूच्या खुणेवरच आहेत. मग माझंच वजन चुकलं का? घरी येऊन तेराही आकडे पुन्हा तपासले. काटाही तपासला, किलोच्या मिठाच्या पुड्यानं. बरोबर.

लता म्हणाली, ‘आवं जेवा आधी. गहू काय पळून जातोय?’

२८ डिसें., रवि.

गटाची बैठक, सोसायटीच्या हॉलमध्ये. मी नेहमीच्या खुर्चीवर बसलो, आबांच्या शेजारी. आबांनी खुर्ची सरकवली नाही, पण अंगही माझ्याकडं वळवलं नाही.

माने: ‘खत टाकायच्या दिवशी मापवालाच न्हवता. त्यांच्या कार्यक्रमाला गेल्ता.’

त्यांच्या. दोन वर्षं मी आपला होतो. यंत्र आणायला कागदपत्रं कुणी केली, कंपनीच्या माणसाशी इंग्रजीत कोण बोललं, तेव्हा आपले कांबळेसाहेब.

आबा शेवटी म्हणाले, ‘कांबळे, माज्या रानाचं मी सोसीन. पर यंत्र चाळीस जनांचं हाय. अकरा तारखेला रविवारी पुन्ना टब मांड, समद्यांच्या म्होरं. माप चुकलं आसंल तर यंत्राला तू हात लावायचा न्हाई. चालवनारा चुकला आसंल तर त्यो सीटवरनं उतरंल.’

साहेब गेला आणि ‘मांडा’चं ‘मांड’ झालं, एकाच वाक्यात. वयानं मोठे आहेत, अरे-तुरे करू शकतात. पण करत नव्हते ना.

दिल्या मागच्या रांगेत. टोपी हातात, घडी घालतोय, उलगडतोय. बाहेर पडल्यावर म्हणाला, ‘दादा, मी तू सांगितलं तसंच केलंया.’ मी म्हणालो, माहीत आहे. खरंच तसं वाटत होतं.

२ जानेवारी, शुक्र.

सापडलं. सापडलं नसतं तर बरं.

सकाळी ओढ्याच्या अलीकडं उभा होतो. पलीकडं दिल्या जाधवांच्या मक्याला युरिया टाकत होता. ट्रॅक्टर दिसत नव्हता, नुसता आवाज. आवाज खाली होता. इंजिन गुरगुरत होतं. माप लावलं त्या दिवशी ते असं नव्हतं, कान बधिर झाले होते. ओढ्यातून चपला हातात घेऊन पळालो.

काटा टिकलीच्या चांगला दोन बोटं खाली. गिअर दुसऱ्याऐवजी तिसरा.

‘ह्यो कुठला गिअर?’

‘तिसरा. चाल तीच हाय की. शंभर मीटरला एक मिनिट. तुज्या कागदावर हाय तेवढंच. मोज हवं तर.’

मोजलं. एक मिनिट. एका सेकंदाचा फरक नाही. वरचा गिअर, रेस कमी, चाल तेवढीच. झडपेतून खत खाली पडतं तेवढंच, म्हणून पोती बरोबर संपतात. फक्त चकती हळू फिरते आणि खत जवळ पडतं. सात मीटर. सगळं उलगडलं आणि मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

‘रेस का कमी ठेवलीस?’

‘डिझेल वाचतंय.’

‘आणि ही टिकली कशाला लावली होती?’

दिल्या टिकलीकडं बघत राहिला. ‘मला वाटलं वैनीनं लावली. दृष्ट लागू नये म्हनून.’

मी बरंच बोललो. ते इथं लिहीत नाही. जाधवांच्या बाया भांगलायच्या थांबून ऐकत होत्या. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, ‘वरचा गिअर, खालचा आवाज. तूच शिकवलंयस की, दादा.’

३ जाने., शनि.

शिकवलं होतं. सुट्टीवर आलो होतो, दिल्याला मिसरूड फुटत होतं. आबांचाच जुना ट्रॅक्टर. मी शेजारी मडगार्डवर बसलेला, फौजी बूट घालून, ऐटीत. ‘वरचा गिअर टाक, आवाज खाली ठेव. डिझेल आपल्या बापाचं न्हाई.’ कॉन्व्हॉयमध्ये आम्हाला असंच शिकवत. रेस वाढवली की मी त्याच्या हातावर टपली मारायचो. त्या वर्षी आबांचे वडील म्हणाले होते, पोरगं डिझेल फार जपून वापरतं, ह्यालाच ठेवा. ती दिल्याची पहिली नोकरी.

रस्त्यावर ते बरोबर आहे. नांगराला, ट्रॉलीला बरोबर आहे. ज्या यंत्राला मागून चकती फिरवायची त्याला नाही. एवढाच फरक. एवढा फरक मी त्याला सांगितला होता की नाही?

सांगितलाच असणार. मी असं काही सोडत नाही.

६ जाने., मंगळ.

सांगितलं होतं का, आठवत नाही. तीन दिवस आठवतोय. त्या दिवशी दोनच्या सुमाराला मी आणि दिल्या बांधावर भाकरी खात होतो, मी कागद वाचून दाखवला, तो हो हो करत होता. टिकलीचं बोललो का? चटणी कसली होती ते आठवतं. जवसाची.

वही मागं उलटून तीन डिसेंबरचं पान बघितलं. ‘दिल्याला सगळं सांगितलं.’ सगळं. फौजेत असा रिपोर्ट दिला असता तर सुभेदारसाहेबांनी तोंडावर फेकला असता. सगळं म्हणजे काय काय?

मग टूलबॉक्समधून कागद काढून आणला. चार ओळी, माझं स्वच्छ अक्षर.

झडप पाचवर.
शंभर मीटरला एक मिनिट.
दर दहा मीटरला फेरी.
पात्याच्या खुणा हलवायच्या नाहीत.

काटा टिकलीवर ठेवायचा, हे नाही. त्याच्याखाली बोटभर जागा मोकळी आहे.

जे मला श्वासासारखं माहीत होतं ते लिहिलं नाही. आणि नेमकं तेच त्याला माहीत नव्हतं.

८ जाने., गुरु.

किराणा दुकानात माने. ‘काय मग, रविवारी पंचनामा म्हनं.’ दुकानदार हसला. मी साखर न घेताच परत आलो. लतानं विचारलं साखर कुठं. तिच्यावर ओरडलो. तिनं गुळाचा चहा केला.

हे यंत्र माझ्या हातातून गेलं तर गावात मी कोण? पेन्शन खाणारा एक माणूस. वस्तीवरचा. वीस वर्षं बाहेर होतो तेव्हा वाटायचं, परत गेल्यावर वर्दी सांगेल मी कोण ते. वर्दी ट्रंकेत. लोकांनी साहेब म्हटलं ते ह्या टबांमुळं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आणि दिल्या उतरला तर पुन्हा कुणी बसवणार नाही. हेही ठाऊक आहे.

रविवारी उभं राहून सरळ सांगता येईल की लिहायचं माझं राहिलं. सांगेन. बघू.

१० जाने., शनि.

कागदावर पाचवी ओळ लिहिली. ‘काटा टिकलीवर.’

खोटं काही नाही त्यात. तसंच होतं ते, लिहायचं राहिलं होतं एवढंच. तोंडी सांगितलं असणारच. पेन लताच्या बचत गटाच्या वहीतला, निळाच. कागद परत पाकिटात, पाकीट टूलबॉक्समध्ये. दिल्या तेव्हा म्हशीला पाणी दाखवत होता.

लतानं दारातून बघितलं. ‘आता कशाला लिवायलाय?’

‘उद्याची तयारी.’

ती आत गेली.

११ जाने., रवि.

झालं.

तीसेक माणसं. आबा खुर्ची मागवून बांधावर बसलेले. माने पुढं. तेरा टब, गोणपाट, काटा. एकेक टब दोनदा टेपनं मोजून मांडला.

दिल्या सीटवर बसला. इंजिन चालू केलं आणि सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात मला विचारलं, ‘दादा, कुठला गिअर?’

दुसरा म्हणालो तर माप खरं ठरणार आणि तो खोटा. तिसरा म्हणालो तर उलट. त्यानं ते मुद्दाम माझ्या हातात दिलं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्याला नुसतं विचारायचं होतं. त्या दिवशी विचारायचं राहिलं म्हणून.

‘दुसरा,’ मी म्हणालो. ‘काटा टिकलीवर.’

कान बधिर झाले. पाच फेऱ्या. टब एकेक काट्यावर ठेवला, आबांच्या नातवंडाएवढा नाजूक धरून. पाच-पाच मीटर दोन्ही अंगाला, एकसारखं. आबा उठून स्वतः काटा बघायला आले. ‘माप तर काटेकोर हाय की, कांबळेसाहेब.’

साहेब परत आला. तो ऐकताना बरं वाटलं, हे लिहिलं पाहिजे.

माने: ‘मग त्या दिशी काय झालं?’

दिल्यानं इंजिन बंद केलं. ‘तिसऱ्या गिअरला चालवला. रेस कमी.’

आबा: ‘तुला सांगितलं न्हवतं?’

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, शपथ. शब्द बाहेर यायच्या आत मान्यानं टूलबॉक्समधून पाकीट काढून दिल्याच्या हातात दिलं. ‘वाच की मोठ्यानं.’

दिल्यानं वाचलं. झडप पाचवर. शंभर मीटरला एक मिनिट. दहा मीटर. खुणा. पाचव्या ओळीला थांबला. कागद डोळ्याजवळ नेला, पाकिटावरून अंगठा फिरवला. माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

‘काटा टिकलीवर,’ त्यानं वाचलं. मग आबांना म्हणाला, ‘व्हय आबा. लिवलेलं व्हतं. मीच वाचलं न्हाई.’

खाली उतरला. चावी आबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली, पाकीट खिशात घातलं आणि बांधाबांधानं घराकडं गेला. कुणीतरी म्हणालं, टँकर पाडला तवाच कळाय पाहिजे व्हतं. मी तिथंच होतो. आबांच्या घरून चहा आला, तो घेतला. दोन कप.

१२ जाने., सोम.

दिल्याच्या घराकडं तीनदा निघालो. एकदा विहारापर्यंत गेलो.

लता जेवायला वाढून समोर बसत नाही. ताट ठेवते आणि उठते. आज एवढंच म्हणाली, ‘टँकरच्या येळी तुमी म्हनला व्हता, मी असतो तर भावावर आळ येऊ दिला नसता.’

म्हणालो होतो. फोनवरून, पठाणकोटहून. मोठ्या तावातावानं.

१३ जाने., मंगळ.

आबांचा सकाळीच फोन. नवा ड्रायव्हर ठरला, मान्याचा पुतण्या. त्याला माप शिकवायचं. ‘त्यो कागद घिऊन या, साहेब. झेरॉक्स काढून एकेक समद्यांस्नी देऊ. पुन्ना असली भानगड नगं.’ आणतो म्हणालो.

दहाच्या सुमाराला दिल्या आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. लतानं आत ये म्हटलं, नको म्हणाला, जतला निघालोय. मेंढरांच्या कळपाबरोबर कुणीतरी माणूस पाहिजे म्हणतात. ड्रायव्हर न्हवं, चालायचं काम, म्हणाला. हसला का काय ते कळलं नाही.

‘दिल्या, मी आबांना सांगतो.’

‘काय सांगतूयास?’

त्यानं खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

‘शाई येगळी दिसतीया, दादा,’ तो म्हणाला. ‘चार वळी फिकट झाल्याती. खालची ताजी हाय. झेरॉक्सात कळायचं न्हाई, पर ह्यो कागद कुणाला देऊ नगंस.’

लताच्या पाया पडला. माझ्याही पाया पडला. मी खांद्याला धरून उठवायला हवं होतं, हातात पाकीट होतं.

एसटी बाराची होती. आता एक वाजलाय. आबांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. कागद समोर आहे. पाकिटाच्या आत, पाचव्या ओळीजवळ, लाल टिकली चिकटवलेली आहे. मीटरवरून त्यानं कधी काढली, बघितलं नाही.

तिसऱ्यांदा फोन वाजतोय.